‘पाठवले’ म्हणणारी स्क्रिप्ट आणि न पोचलेली चाळीस बिलं

प्रश्न: पुण्याच्या उपनगरातल्या एका सहकारी गृहनिर्माण संस्थेचं ऑफिस मी सांभाळते. सदनिका १८४. दर महिन्याच्या १ तारखेला देखभाल शुल्काची बिलं पीडीएफ करून ईमेलने पाठवणारी एक पायथन स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्रॅम, आमच्याकडे आहे. एका सभासदांच्या मुलाने ती लिहिली, तो आता परदेशी असतो. संस्थेच्या जीमेल खात्यावरून बिलं सुरळीत जायची. तीन महिन्यांपूर्वी अचानक ‘५३५, युजरनेम आणि पासवर्ड मान्य नाही’ असं यायला लागलं. आम्ही कशालाच हात लावला नव्हता. पासवर्डही बरोबर आहे, नव्या कार्यकारिणीच्या सेक्रेटरींनी बदललेला तोच पासवर्ड वापरून मी ब्राउझरमध्ये रोज खातं उघडते. तोच स्क्रिप्टमध्ये टाकून पाहिला, उपयोग नाही. मग कुणी सांगितलं म्हणून पोर्ट ५८७चं ४६५ केलं, नंतर २५ केलं. स्क्रिप्ट भाड्याच्या क्लाउड मशीनवर हलवली. शेवटी संस्थेच्या नावाचं डोमेन आणि त्यावरचा मेलबॉक्स घेतला. आता हाताने चालवली की ‘सर्व मेल पाठवले’ असं दिसतं, पण चाळीसेक सभासद म्हणतात, बिल आलंच नाही. आणि १ तारखेला रात्री आपोआप तर काहीच जात नाही. सेक्रेटरी म्हणतात, मेल सर्व्हर भिकार आहे, पैसे भरून चांगली सेवा घ्या. कोणती घ्यावी?

उत्तर:

नमस्कार. कोणती सेवा घ्यावी हा प्रश्न थोडा मागे ठेवू. आज सर्वांत महागडी सेवा घेतलीत तरी १ तारखेला रात्री बिलं जाणार नाहीत, आणि त्या चाळिसांपैकी बऱ्याच जणांना तेव्हाही मिळणार नाहीत. कारण तुमच्याकडे एक बिघाड नाही, निदान तीन आहेत. त्यातला पहिला तेवढा मूळचा. बाकीचे पहिल्यावर इलाज करताना आलेले आहेत.

‘कशालाच हात लावला नव्हता’ असं तुम्ही लिहिता आणि पुढच्याच वाक्यात सेक्रेटरींनी पासवर्ड बदलल्याचं सांगता. हात लागला तो तिथे. गूगलने ३० मे २०२२पासून वैयक्तिक खात्यांसाठी नुसत्या नेहमीच्या पासवर्डवर बाहेरच्या प्रोग्रॅमला आत घेणं बंद केलं. त्यानंतरही तुमची स्क्रिप्ट चालत होती, म्हणजे त्या मुलाने तिच्यासाठी वेगळा, १६ अक्षरांचा अ‍ॅप पासवर्ड काढून ठेवलेला असणार. खात्याचा मुख्य पासवर्ड बदलला की जुने अ‍ॅप पासवर्ड रद्द होतात. त्यामुळे ब्राउझरमधला तुमचा पासवर्ड बरोबर होता आणि स्क्रिप्टमधला मेलेला होता. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या. ब्राउझरचा पासवर्ड स्क्रिप्टमध्ये टाकल्यावर आकडा ५३५चा ५३४ झाला असेल, तर सर्व्हर सरळ शब्दांत अ‍ॅप पासवर्ड मागत होता.

इलाज वीस मिनिटांचा होता: गूगल खात्यात द्विस्तरीय पडताळणी चालू आहे ना ते बघायचं, नवा अ‍ॅप पासवर्ड काढायचा, तो चार-चार अक्षरांच्या गटांत दिसतो, मधल्या जागा काढून स्क्रिप्टमध्ये ठेवायचा. पोर्टचा, म्हणजे सर्व्हरवरच्या दाराच्या क्रमांकाचा, याच्याशी काडीचाही संबंध नव्हता. ५३५ येतो म्हणजे स्क्रिप्ट सर्व्हरपर्यंत पोचली, कूटबद्ध जोडणी झाली, बोलणं सुरू झालं आणि फक्त ओळखपत्रावर अडलं. दार उघडणारा माणूस ‘तुम्हाला ओळखत नाही’ म्हणतोय, तेव्हा रस्ता बदलून काय होणार?

मेल न जाण्याच्या तक्रारीत हेच सर्वाधिक नडतं. सर्व्हर काय म्हणाला हे न वाचता लोक सेटिंग बदलत सुटतात. मेल पाठवणं म्हणजे दोन यंत्रांमधला ठरावीक संवाद असतो, त्याला एसएमटीपी म्हणतात. १९८२मध्ये जो नियम लिहिला गेला त्याचा सांगाडा अजून तोच आहे. जोडणी झाली की सर्व्हर २२० म्हणतो. आपण ‘एह्लो’ म्हणतो, तो २५०ने सुरू होणारी यादी देतो: मला काय काय येतं, किती मोठा मेल चालतो. ५८७वर असू तर आपण ‘स्टार्टटीएलएस’ म्हणतो, तो पुन्हा २२० म्हणतो आणि इथून पुढचं बोलणं कूटबद्ध होतं. मग ओळख पटवायची, जमलं तर २३५. ‘मेल फ्रॉम’ म्हणजे कुणाकडून, २५०. ‘आरसीपीटी टू’ म्हणजे कुणाला, पुन्हा २५०. ‘डेटा’ म्हटल्यावर ३५४, म्हणजे ‘द्या मजकूर’. मजकूर संपल्यावर एका ओळीत नुसता टिंब, आणि शेवटचा २५०. बिघाड कुठल्या पायरीवर झाला हे कळलं की निम्मं काम झालं. आकडा ४ने सुरू झाला तर ‘आत्ता नाही, थोड्या वेळाने या’, ५ने सुरू झाला तर ‘असं चालणार नाही, काहीतरी बदलून या’.

हा संवाद डोळ्यांनी बघायला पायथनमध्ये एक ओळ पुरते. एसएमटीपीलिबची, म्हणजे पायथनच्या मेल पाठवणाऱ्या भागाची, जोडणी तयार झाली की लगेच तिच्यावर सेट_डीबगलेव्हल(१) लावा, सगळं बोलणं पडद्यावर उतरतं. (आज्ञा अर्थातच इंग्रजी अक्षरांत टाइप करायच्या.) पण ते जसंच्या तसं व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मदतीसाठी टाकू नका. ‘ऑथ’ने सुरू होणाऱ्या ओळीत अगम्य अक्षरांची जी माळ दिसते, ती बेस६४मध्ये लिहिलेला तुमचा पासवर्डच असते. ते कुलूप नव्हे, नुसती लिपी आहे, कुणीही दोन सेकंदांत उलगडतो. ती ओळ खोडा, मग पाठवा.

तुम्ही पोर्ट बदललेत तेव्हा काय झालं असेल तेही सांगते, कारण असंच करणारे वाचक पुष्कळ आहेत. ४६५वर पहिल्या क्षणापासून कूटबद्ध बोलावं लागतं, ५८७वर आधी साधं बोलून मग स्टार्टटीएलएस. स्क्रिप्टमध्ये साधा ‘एसएमटीपी’ ठेवून फक्त आकडा ४६५ केला, तर स्क्रिप्ट सर्व्हरच्या २२०ची वाट बघते आणि सर्व्हर स्क्रिप्टच्या कूटबद्ध सलामीची. दोघंही एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसतात, काही वेळाने ‘टाइम आउट’. उलट केलंत, म्हणजे ‘एसएमटीपी_एसएसएल’ वापरून ५८७वर गेलात, तर ‘राँग व्हर्जन नंबर’ असा संदेश येतो. तो वाचून लोक पायथन बदलतात, ओपनएसएसएल हे कूटबद्ध जोडणीचं सॉफ्टवेअर बदलतात. व्हर्जनचा काही प्रश्न नसतो. कूटबद्ध उत्तराची अपेक्षा असताना साधा २२० कानावर पडला, एवढंच. ४६५ला एसएमटीपी_एसएसएल, ५८७ला एसएमटीपी आणि स्टार्टटीएलएस, या जोड्या मोडायच्या नाहीत.

२५ तर सोडूनच द्या. ते पोर्ट एका मेल सर्व्हरने दुसऱ्याशी बोलण्यासाठी आहे. स्पॅमच्या भीतीने बहुतेक क्लाउड कंपन्या आपल्या मशीनवरून बाहेर जाणारा २५ मुळातच अडवतात, काही तर ५८७ आणि ४६५सुद्धा. तिथे कुठलाही आकडा येत नाही, नुसती शांतता असते. शांततेचेही प्रकार ओळखता येतात: ‘टाइम आउट’ म्हणजे मधे कुणीतरी गिळलं, बहुधा फायरवॉलने. ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ म्हणजे त्या मशीनपर्यंत पोचलात, पण त्या पोर्टवर कुणी ऐकत नाही. ‘नेम रिझोल्यूशन’ची चूक म्हणजे पत्ताच सापडला नाही, बहुधा सर्व्हरच्या नावात टायपो किंवा शेवटी चिकटलेली मोकळी जागा.

स्क्रिप्ट बाजूला ठेवून सर्व्हर तपासायचा असेल तर ओपनएसएसएलची एस_क्लायंट आज्ञा ‘स्टार्टटीएलएस एसएमटीपी’ हा पर्याय देऊन ५८७वर लावा आणि संवाद हाताने टाइप करा. यात एक गंमतीशीर खड्डा आहे. ‘आरसीपीटी टू’ मोठ्या लिपीत लिहिलं की ओळीचं पहिलं अक्षर मोठा ‘आर’ पडतो आणि ओपनएसएसएल त्याचा अर्थ ‘जोडणीचा करार नव्याने करा’ असा घेतं. मग बिचाऱ्या सर्व्हरला शिव्या. छोट्या लिपीत लिहा, काम होतं.

आता ते चाळीस सभासद. त्यांची नावं तुम्ही लिहिली नाहीत, योग्यच केलंत, पण एक काम करा: नावांची यादी काढून बिलांच्या क्रमाने लावा आणि प्रत्येकासमोर ईमेल पत्त्याचा ‘अ‍ॅट’नंतरचा भाग लिहा. दहा मिनिटं लागतील. बहुतेक उत्तर या कागदावरच मिळेल.

चाळीसच्या चाळीस यादीच्या शेवटी असतील, समजा सगळे शेवटच्या विंगचे, तर मेलबॉक्स देणाऱ्या कंपनीची ताशी मर्यादा लागलेली आहे. साध्या होस्टिंगवर तासाला ठरावीक मेल असा नियम जवळपास नेहमी असतो, आकडा त्यांनाच विचारा. मर्यादा संपल्यावर सर्व्हर दर मेलला नकार देत राहिला असणार. मग स्क्रिप्ट ‘सर्व मेल पाठवले’ कसं म्हणते? ती फाइल उघडा आणि ‘एक्सेप्ट’ हा शब्द शोधा. त्याखाली ‘पास’ लिहिलेलं असेल तर प्रत्येक चूक तिथे गिळली जाते आणि शेवटची ओळ दर वेळी आनंदाने छापली जाते. ‘पास’च्या जागी पत्ता आणि सर्व्हरचं उत्तर एका फाइलमध्ये लिहा. दोन मेलमध्ये काही सेकंदांची विश्रांती घाला. ताशी मर्यादा १०० असेल तर दर मेलमागे ४० सेकंद थांबलं की तासाला ९० जातात, आणि १८४ बिलं दोन तासांच्या थोडं वर जातील. रात्रीच्या कामाला काय घाई आहे?

चाळीस जण यादीभर विखुरलेले, पण सगळे एकाच सेवेचे, उदाहरणार्थ सगळे जीमेलवाले किंवा सगळे एकाच कंपनीच्या ऑफिसचा पत्ता दिलेले असतील, तर बिलं सर्व्हरवरून निघाली आणि पलीकडे स्पॅममध्ये पडली किंवा नाकारली गेली. शेवटचा २५० म्हणजे पोस्टाच्या खिडकीवरची पावती, ती पोच नव्हे. नवं डोमेन घेतल्यावर त्याच्या डीएनएसमध्ये, म्हणजे डोमेनच्या जाहीर नोंदवहीत, एसपीएफ आणि डीकेआयएम या नोंदी करायच्या राहून जातात. पहिली सांगते, या डोमेनच्या नावाने कोणत्या सर्व्हरने मेल पाठवावा. दुसरी मेलवरच्या सहीची खात्री देते. फेब्रुवारी २०२४पासून जीमेलला पाठवणाऱ्या प्रत्येकाकडून गूगल यातली निदान एक मागतं. एसपीएफची नोंद एकच असू द्या. जुनी ठेवून दुसरी जोडली तर दोन्ही बाद धरल्या जातात.

तुमच्या बाबतीत एक दाट शंका आहे. सर्व्हर बदलला, लॉगिन बदललं, पण ‘फ्रॉम’च्या ओळीत अजून संस्थेचा जुना जीमेल पत्ताच आहे का ते बघा. असेल तर डोमेनच्या सर्व्हरवरून जीमेलच्या नावाने पत्र जातंय, आणि असल्या पत्राकडे समोरचा सर्व्हर संशयानेच बघणार. काही सर्व्हर तर ‘हा पत्ता तुमचा नाही’ म्हणून ५५३ देऊन तिथेच परत पाठवतात. ताळा करायला एक बिल तुमच्या स्वतःच्या जीमेलवर पाठवा, ते संगणकावर उघडून तीन टिंबांच्या मेनूतून ‘मूळ दाखवा’ निवडा. वरच एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क (‘फ्रॉम’चा पत्ता त्या दोन्हींशी जुळतो का याची तपासणी) यांच्यासमोर ‘पास’ किंवा ‘फेल’ लिहिलेलं असतं. तिन्ही पास दिसेपर्यंत सभासदांना पाठवू नका.

विखुरलेलेही आहेत आणि सेवाही वेगवेगळ्या, असं दिसलं तर प्रत्येक पत्ता तपासण्यावाचून इलाज नाही. ‘जीमेल’च्या स्पेलिंगमधलं एक अक्षर गळलेलं, एक्सेलमधून आलेली मोकळी जागा, भरलेला मेलबॉक्स. एक गोष्ट मात्र बारकाईने बघा. ज्या घरांचे नवरा-बायको असे दोन पत्ते आहेत, तिथे पायथन फसवतं. एका मेलला दोन पत्ते दिले आणि सर्व्हरने एक स्वीकारून दुसरा नाकारला, तर चूक म्हणून काहीच उभं राहत नाही. नाकारलेल्या पत्त्यांचा एक कोश ‘सेंडमेल’ किंवा ‘सेंड_मेसेज’ गुपचूप परत देतं. तो कुणी झेललाच नाही तर गेला. तो एका चलात (व्हेरिएबलमध्ये) घ्या आणि रिकामा नसेल तर नोंदवून ठेवा.

मराठी वाचकांसाठी म्हणून आणखी एक. विषयात ‘देखभाल शुल्क, जून’ असं देवनागरीत लिहिलं की जुन्या पद्धतीने मजकूर जोडून केलेल्या स्क्रिप्ट ‘अ‍ॅस्की कोडेक’ची, म्हणजे इंग्रजीपलीकडची अक्षरं कळत नाहीत अशी, तक्रार करून थांबतात. त्यावर विषय इंग्रजीत करणं हा उपाय नव्हे. ‘ईमेलमेसेज’ हा पायथनचा आजचा वर्ग वापरा आणि ‘सेंड_मेसेज’ने पाठवा, देवनागरी विषय आपोआप नीट बांधला जातो. तारीख आणि मेसेज-आयडी या दोन ओळी मात्र तो स्वतः घालत नाही, त्या तुम्ही घाला. त्या नसलेलं पत्र स्पॅम गाळणीला खटकतं.

रात्रीचा प्रश्न वेगळाच आहे, मेल सर्व्हर त्यात निर्दोष. स्क्रिप्ट हाताने चालते आणि क्रॉनमधून (ठरल्या वेळी कामं आपोआप चालवणाऱ्या व्यवस्थेतून) चालत नाही, याचं सर्वांत नेहमीचं कारण म्हणजे पासवर्ड स्क्रिप्टबाहेर, एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल नावाच्या सिस्टिमच्या सेटिंगमध्ये ठेवलेला असणं. तुम्ही लॉगिन करता तेव्हा तो बॅशआरसी फाइलमधून वाचला जातो, क्रॉन ती फाइल वाचतच नाही. स्क्रिप्टला रिकामा पासवर्ड मिळतो. दुसरं, ‘बिलं’ नावाचा फोल्डर स्क्रिप्ट जिथे उभी आहे तिथे शोधते, आणि क्रॉन तिला होम फोल्डरमध्ये उभं करतं. पूर्ण मार्ग लिहा. तिसरं, क्लाउड मशीनचं घड्याळ बहुधा यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर असतं, तिथले रात्रीचे १२ म्हणजे आपले पहाटेचे ५:३०. आणि चौथं बघून हसूच येतं: काम फसलं तर क्रॉन तक्रार मेलनेच पाठवू बघतं! मशीनवर मेल व्यवस्था नसेल तर ‘एमटीए नाही, मजकूर टाकून देत आहे’ अशी नोंद सिस्टिमच्या लॉगमध्ये करून गप्प बसतं. क्रॉनच्या ओळीच्या शेवटी आउटपुट आणि चुका दोन्ही एका फाइलकडे वळवा. पासवर्ड वेगळ्या फाइलमध्ये ठेवा आणि तिची परवानगी ६०० करा, म्हणजे मालकाशिवाय कुणी वाचू शकणार नाही.

आता सेवेचं बोलू. सेक्रेटरींना ‘भिकार’ वाटलेल्या वैयक्तिक जीमेलवरून दिवसाला ५०० जणांना पाठवता येतं. तुमची घरं १८४. प्रत्येकी दोन पत्ते धरले तरी ३६८. पैसे भरायची गरज मला तरी दिसत नाही. या महिन्याची बिलं अडकू नयेत म्हणून जुनं जीमेल, नवा अ‍ॅप पासवर्ड, ऑफिसचाच संगणक, पोर्ट ५८७, एवढ्यावर परत या. ‘फ्रॉम’मध्येही जीमेलचाच पत्ता. क्लाउड मशीनवरचं क्रॉन तोवर बंद करा, नाहीतर एखाद्या रात्री ते अचानक बरं होईल आणि सगळ्यांना दोन-दोन बिलं जातील.

जीमेलची अडचण मर्यादेची नाही, माणसांची आहे. द्विस्तरीय पडताळणी सेक्रेटरींच्या मोबाइलला बांधलेली असते आणि कार्यकारिणी बदलली की मोबाइलही बदलतो. गूगल १० बॅकअप कोड देतं, ते छापून पाकिटात घाला आणि शेअर सर्टिफिकेटं ठेवता त्या कपाटात ठेवा. पाकिटावर लिहा: पासवर्ड बदलल्यास स्क्रिप्टचा अ‍ॅप पासवर्ड नव्याने काढणे.

डोमेन घेतलंच आहे, तर त्यावर सावकाश जा. कंपनीला तीन प्रश्न लेखी विचारा: ताशी मर्यादा किती, एसपीएफ आणि डीकेआयएमच्या नोंदी काय घालायच्या, आणि सर्व्हरचं नेमकं नाव काय. तिसरा क्षुल्लक वाटतो, पण स्वस्त होस्टिंगवर ‘मेल’ आणि पुढे तुमचं डोमेन असं नाव दिलं की कधी कधी प्रमाणपत्र कंपनीच्या नावाचं निघतं आणि ‘होस्टनेम मिसमॅच’ म्हणून जोडणी तुटते. त्यावर ‘पडताळणी बंद करा’ असा सल्ला सर्रास मिळतो. ऐकू नका, प्रमाणपत्रावर जे नाव आहे ते वापरा. पैसे देऊन घ्यायच्या सेवेचा खरा फायदा कोणता मेल परत आला याचा तयार अहवाल मिळतो हा. हजारो मेल असते तर मी तेच सुचवलं असतं. डीएनएसच्या नोंदी तिथेही तुम्हालाच कराव्या लागतात.

एकदा सगळं लागलं की १ तारखेची वाट बघू नका. २८ तारखेला रात्री, क्रॉनमधूनच, तीन पत्त्यांवर एक बिल पाठवून बघा: एक जीमेल, एक याहू, एक कुणाच्या तरी ऑफिसचा. सकाळी लॉग उघडून तीन २५० आहेत का बघा, आणि मग त्या तिघांना फोन करून बिल इनबॉक्समध्ये आलं का स्पॅममध्ये, ते विचारा.